गांडूळखताचा डबा घरी कसा करायचा: गांडुळं सर्वांत शेवटी आणा

‘गांडुळं आणली आणि आठ-दहा दिवसांत मेली’ ही तक्रार सतत कानावर येते. थोडी विचारपूस केली की जवळजवळ प्रत्येक वेळी क्रम उलटा झालेला आढळतो. उत्साहाच्या भरात आधी गांडुळं आणली जातात. त्याच संध्याकाळी डब्याला भोकं पाडायची, तळाशी कुंडीतली माती घालायची, तिच्यावर गांडुळं सोडायची आणि त्यांच्या अंगावर दोन दिवसांच्या भाजीच्या देठांबरोबर उरलेला वरणभात ओतायचा. अशा डब्यात गांडुळं जगणं फार कठीण.

सुरू करण्याआधी एवढं समजून घ्या: गांडूळ ताजा कचरा खात नाही. त्याला दात नसतात. जिवाणू आणि बुरशीने मऊ केलेला, अर्धवट कुजलेला भाग ते त्या जिवाणूंसकट गिळतं. ताजा कचरा कुजायला लागला की तापतो, आंबतो, त्यातून अमोनिया सुटतो. शेतातल्या ढिगात गांडूळ अशा वेळी बाजूला सरकतं. टबात त्याला सरकायला जागाच नसते. म्हणून घरात भांडी दोन लागतात: कचरा कुजवायची बादली आणि गांडुळांचा टब. बादली आज सुरू करा, टब याच आठवड्यात तयार करा आणि गांडुळं साधारण तीन आठवड्यांनी आणा.

टप्पा १: जागा आणि हिशोब

जागा सावलीची हवी आणि तिथे हवा खेळती हवी. पश्चिमेच्या बाल्कनीत दुपारी तीननंतर ऊन आत येत असेल तर ती जागा सोडून द्या. पूर्वेची किंवा उत्तरेची बाल्कनी, जिन्याखालचा कोपरा, मोरीलगतचा कट्टा, यांपैकी काहीही चालेल. वॉशिंग मशीनशेजारी मात्र नको, कारण सततच्या हादऱ्यांनी गांडुळं अस्वस्थ होतात आणि बाहेर पडू लागतात.

आता हिशोब. चार माणसांच्या घरात रोज अर्धा किलोच्या पुढे ओला कचरा सहज निघतो. सुमारे ४५ × ६० सेंमीच्या टबात अर्धा किलो गांडुळं (लहानमोठी मिळून हजारच्या आसपास) सोडली, तर सुरुवातीला ती दिवसाला शंभरेक ग्रॅम कुजवलेला कचरा संपवतात. नीट रुळली की याच्या दुप्पट. एका टबात घरातला सगळा कचरा जिरेल ही अपेक्षा पहिल्या दिवशीच सोडा. बहुतेक टब बिघडतात ते याच अपेक्षेपायी. उरलेला कचरा साध्या कंपोस्टमध्ये घाला किंवा काही महिन्यांनी दुसरा टब लावा.

टप्पा २: टब तयार करणं

टब रुंद आणि उथळ घ्या. खतासाठी वापरतात ती गांडुळं वरच्या वीस-पंचवीस सेंमी थरातच वावरतात. उंच ड्रम घेतला तर खालचा भाग दाबला जातो, तिथे हवा पोचत नाही आणि तो सडतो. ३० सेंमी खोलीचा टब पुरे. तो पारदर्शक नसावा, गांडुळांना उजेड सोसत नाही.

१. तळाला ५-६ मिमीची दहा-बारा भोकं पाडा. ड्रिल नसेल तर जाड खिळा तापवून पाडता येतात, पण हे काम मोकळ्या हवेत करा. प्लास्टिकचा धूर फार वाईट.

२. चारही बाजूंना, वरच्या कडेपासून चार बोटं खाली, पंधरा-वीस भोकांची रांग पाडा. हवा इथूनच येणार आहे.

३. सगळ्या भोकांवर आतून नायलॉनच्या मच्छरदाणीचे तुकडे चिकटवा. ही पायरी हमखास गाळली जाते. मग भोकांतून गांडुळं बाहेर येतात आणि माश्या आत जातात.

४. टबाखाली ताट किंवा दुसरा टब ठेवा. दोन्हींच्या मध्ये विटांचे तुकडे किंवा उलट्या वाट्या ठेवून तीन-चार बोटं अंतर राखा. अंतर नसेल तर तळाची भोकं निचरलेल्या पाण्यात बुडतात.

५. मुंग्यांचा त्रास असेल तर टब चार पायांच्या स्टँडवर ठेवा आणि प्रत्येक पाय पाण्याच्या वाटीत ठेवा. टबाभोवती मुंग्यांची पावडर किंवा खडू अजिबात नको. त्यातलं कीटकनाशक गांडुळांनाही मारतं.

झाकण सैल असू द्या. गोणपाट पसरून त्यावर झाकण तिरकं टेकवलं तरी चालतं.

> तपासा: टबात तांब्याभर पाणी ओता. ते एक-दोन मिनिटांत खाली उतरलं पाहिजे. तळाशी साचून राहिलं तर भोकं वाढवा.

टप्पा ३: कुजवायची बादली

झाकणाची जुनी बादली घ्या. तिच्या बाजूंना आणि तळाला भोकं पाडा. तळाशी चार बोटं सुका पाला घाला. रोजचा कचरा दोन-तीन सेंमीचे तुकडे करून टाका आणि तो झाकला जाईल एवढा सुका पाला वर पसरा. मोजायचंच झालं तर एक वाटी कचऱ्याला एक ते दीड वाटी चुरलेला पाला. दोन मूठ जुनं खत किंवा सावलीतल्या झाडाखालची काळी माती घातली की कुजणं लवकर सुरू होतं. दर दोन-तीन दिवसांनी काठीने खालीवर करा.

बादली भरली की तिच्यात नवीन कचरा टाकणं बंद करा, दुसरी सुरू करा आणि भरलेली १२ ते १५ दिवस तशीच ठेवा. रोज वर ताजं टाकत राहिलात तर त्या बादलीतला माल कधीच तयार होत नाही.

तयार झाल्याची खूण अशी: रंग तपकिरी झालेला, भाजीचा वास गेलेला, देठ बोटांनी सहज तुटतं आणि हात आत खुपसला तर ऊब लागत नाही. ऊब लागली तर अजून थांबा.

टप्पा ४: बिछाना

टबाच्या यशापयशाचा निम्म्याहून जास्त भाग या टप्प्यात ठरतो. बिछाना हे गांडुळांचं घर आहे आणि अडीनडीचं अन्नही. खायला घातलेलं आवडलं नाही, तापलं, आंबलं, तर ती बिछान्यात आसरा घेतात. बिछाना पातळ असेल तर आसरा उरत नाही.

लागणारं साहित्य, आकारमानाने:

- सुका पाला, चुरलेला: तीन भाग. आंबा, फणस, बदाम असा जाड पाला असेल तर चांगला बारीक करा, नाहीतर त्याचे पापुद्रे बसतात आणि हवा अडते.
- पुठ्ठा किंवा वर्तमानपत्राच्या पट्ट्या: दोन भाग. गुळगुळीत रंगीत कागद नको, चिकटपट्टी काढून टाका.
- जुनं शेण: दोन भाग.
- कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा): एक भाग.
- बागेतली माती: दोन मुठी. गांडुळाच्या पोटात अन्न दळायला बारीक कण लागतात, ते मातीतून मिळतात.

शेणाबद्दल जरा थांबतो, कारण नुकसान इथेच जास्त होतं. गोठ्यातून आणलेलं ताजं शेण टबात घालू नका. ते तापतं आणि त्यातला अमोनिया गांडुळांच्या त्वचेला भाजतो. सावलीत पसरून, मधूनमधून पाणी मारून १५ ते २० दिवस मुरू द्या. वास गेलेलं, हाताला थंड लागणारं शेण हवं. गुरांना जंताचं औषध नुकतंच दिलेलं असेल तर ते शेण घेऊ नका, गोठेवाल्यांना तसं सरळ विचारा. गोबरगॅसची स्लरी मिळाली तर फारच उत्तम, तीही सुकवून घ्या. शहरात शेण मिळालंच नाही तर बादलीत पूर्ण कुजलेलं जुनं कंपोस्ट वापरा. पूजेच्या गोवऱ्या भिजवूनही काम भागतं, फक्त त्यांत कापूर-तूप मिसळलेलं नसावं.

कोकोपीटच्या विटेत मीठ असू शकतं. वीट भिजवा, पिळून ते पाणी फेका आणि हेच पुन्हा एकदा करा.

भरण्याचा क्रम:

१. तळाशी नारळाच्या शेंड्यांचा दोन-तीन बोटांचा थर. पाणी निचरायला याची मदत होते.

२. बाकीचं सगळं घमेल्यात एकत्र कालवून घ्या. थरावर थर लावण्यापेक्षा हे बरं.

३. पाणी शिंपडत कालवा. नळाचं पाणी आदल्या रात्री उघड्या बादलीत ठेवलेलं असावं, म्हणजे क्लोरीन उडून जातं.

४. टबात १५ ते २० सेंमी जाडीचा थर भरा. दाबू नका.

५. वर ओलं गोणपाट घाला आणि आठ ते दहा दिवस तसाच ठेवा.

> तपासा, ओल: मूठभर मिश्रण घट्ट पिळा. बोटांच्या फटीत एक-दोन थेंब दिसले तर ओल बरोबर. धार लागली तर सुका पुठ्ठा मिसळा. थेंबही आला नाही आणि मूठ उघडताच गोळा सुटला तर पाणी शिंपडा. गांडूळ त्वचेतून श्वास घेतं, त्यामुळे कोरड्या टबात ते गुदमरतं आणि पाणी साचलेल्या टबातही.

> तपासा, ऊब: हात मनगटापर्यंत आत घालून एक मिनिट ठेवा. आतला भाग बाहेरच्या हवेपेक्षा गरम लागला तर बिछाना उकरून मोकळा करा आणि आणखी चार दिवस थांबा. इथे घाई केली तर गांडुळं वाचत नाहीत.

टप्पा ५: गांडुळं आणणं आणि सोडणं

कुंडीत किंवा अंगणात सापडणारी गांडुळं आणून भागत नाही. त्यांतली बरीचशी माती खाणारी, खोल बिळं करून राहणारी असतात. टबात ती तग धरत नाहीत. खतासाठी कचऱ्यावर जगणाऱ्या जाती लागतात. महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी दोन मिळतात. आयसेनिया फेटिडा लहान, लालसर आणि अंगावर फिकट पट्टे असलेली. युड्रिलस युजेनी लांब, जाड, जांभळट झाक असलेली. घरच्या टबासाठी माझी पसंती आयसेनियाला आहे. ती थंडीही सोसते, उकाडाही बऱ्यापैकी सोसते आणि टब सोडून फारशी भटकत नाही. युड्रिलस भराभर खाते, पण थंडीत मंदावते आणि बिनसलं की आधी पळते.

जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा गांडूळखत करणाऱ्या शेतकऱ्याकडे चौकशी करा. वजन करताना खतासकट केलं की निव्वळ गांडुळांचं, हे विचारून घ्या. किलोभर ‘कल्चर’मध्ये गांडुळं पाव किलोही नसू शकतात. अर्थात खतासकट आणलेली चांगलीच, कारण त्यात अंडकोष (गांडुळांची अंडी असलेले बारीक कोष) आणि पिल्लंही येतात.

१. सगळी एकदम सोडू नका. आधी दहा-बारा गांडुळं बिछान्यावर ठेवा आणि २४ तास वाट पाहा. बाकीची त्यांच्या मूळ खतात, सावलीत, ओलसर गोणपाटाखाली ठेवा.

२. दुसऱ्या दिवशी ती आत शिरून हालचाल करत असतील तर पुढे जा. कडेवर चढलेली किंवा मेलेली दिसली तर बिछान्यात दोष आहे. बहुतेक वेळा तो शेणाचा किंवा उबेचा असतो.

३. बाकीची गांडुळं दिवसा, उजेडात, बिछान्याच्या मध्यभागी पसरा. उजेड टाळायला ती आपण होऊन खाली जातात. तासाभरानंतरही वर राहिलेली उचलून टाका.

४. पहिल्या दोन-तीन रात्री टबाजवळ दिवा चालू ठेवा. नव्या जागेत गांडुळं रात्री फिरायला निघतात. उजेड असला की आतच राहतात.

> सावधान: पहिले पाच-सहा दिवस काहीही खायला घालू नका. बिछान्यात पुरेसं अन्न आहे. ‘उपाशी राहतील’ या मायेपोटीच बरेच टब संपतात.

टप्पा ६: खायला घालणं

टबाचे मनात चार कोपरे करा. पहिले पाच-सहा दिवस गेले की आधी एका कोपऱ्यात बादलीतला कुजलेला कचरा, दोन मुठी. कोपरा थोडा उकरा, कचरा घाला, त्यावर तीन बोटं पुठ्ठा-पाला पसरा. कचरा उघडा राहता कामा नये. तीन-चार दिवसांनी दुसरा कोपरा. चौथा झाला की पहिल्यापाशी या आणि तिथे उकरून बघा. आधीचं संपलेलं असेल तरच नवीन घाला. वेळापत्रकाकडे बघू नका, कोपऱ्याकडे बघा. कोपऱ्याकोपऱ्याने घालण्याचा मोठा फायदा म्हणजे एखादा घास बाधला, तरी गांडुळांना उरलेले तीन कोपरे मोकळे असतात.

बादलीत काय टाकायचं? पालेभाज्यांची देठं, दुधी-भोपळ्याची सालं, पपई, केळ्याची सालं धुऊन, कणसाची आवरणं, मटाराची टरफलं. चहाचा चोथा जरूर टाका, पण दूध-साखर पाण्याने धुऊन. कलिंगडाची साल चालते, मात्र ती म्हणजे निव्वळ पाणी, तेव्हा सोबत दुप्पट पुठ्ठा घाला. अंड्याची टरफलं वाळवून मिक्सरमध्ये पीठ करून दर पंधरा दिवसांनी एक चमचा थेट टबात भुरभुरवा. त्याने आंबटपणा निवतो. पानाचा चुना या कामाला वापरू नका, तो दाहक असतो.

निर्माल्य चांगलं, पण हाराचा दोरा, जर, चमकी, रंगवलेली फुलं काढून. कुंकवात माखलेली फुलंही बाजूला ठेवा.

हे मात्र नको: लिंबू-संत्रं-मोसंबीच्या साली, लोणचं, मीठ किंवा फोडणी असलेलं काहीही, कच्चा कांदा-लसूण, मिरच्या, मासे-मटण, दूध-दही, तेल-तूप. डाळ, वरणभात, पोळी, पेंड यांबद्दल खास सांगतो. या पदार्थांत प्रथिनं आणि पिष्ट जास्त असल्याने टबात ते झपाट्याने आंबतात. मग गांडुळाचं अंग जागोजागी आवळल्यासारखं, मण्यांच्या माळेसारखं दिसू लागतं आणि ते मरतं. असं एक जरी दिसलं तरी खायला घालणं लगेच थांबवा, आंबलेला भाग काढून फेका आणि सुका बिछाना भरपूर मिसळा.

टप्पा ७: ऋतूप्रमाणे बदल

आयसेनियाला १५ ते २८ अंश मानवतं. बिछाना ३५ अंशांच्या पुढे गेला की ती मरू लागतात. मार्च ते मे हे आपल्याकडचे धोक्याचे महिने, आणि विदर्भ, मराठवाडा, खानदेशात तर टब घरातच आणावा लागतो. गोणपाट दिवसातून दोनदा ओलं करा, पण टबात पाणी ओतू नका. पाण्याची छोटी बाटली फ्रीझरमध्ये गोठवून दुपारी बिछान्यावर एका बाजूला ठेवली की तिच्याखाली गांडुळं गोळा होतात. खायला निम्म्यावर आणा, कारण कुजणाऱ्या अन्नाचीही उष्णता असते.

पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, उलटी अडचण. हवेतच इतकी ओल असते की पाणी घालावंच लागत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्येच सुका पाला आणि पुठ्ठा पोत्यात भरून ठेवा, जुलैमध्ये तो कुठेही मिळत नाही. मुसळधार पावसाच्या रात्री गांडुळं भिंतीवर चढली तर घाबरू नका, दिवा लावून ठेवा. थंडीत फारसं काही करावं लागत नाही. नाशिककडे किंवा घाटमाथ्यावर काम मंदावतं, तेव्हा खायला त्या बेताने.

काही बिनसलं तर

*घाण वास.* निरोगी टबाला पहिल्या पावसानंतरच्या मातीचा वास येतो. कुजका वास आला म्हणजे अन्न जास्त झालं किंवा पाणी. खायला घालणं थांबवा, काट्याने हलकं उकरा, कोरड्या पुठ्ठ्याचे तुकडे मिसळा. चार-पाच दिवसांत वास जातो.

*चिलटं.* कचरा उघडा राहिला आहे. वर चार बोटं सुका थर आणि त्यावर वर्तमानपत्र पसरा. केळ्याच्या सालींवर त्यांची अंडी असतात, साली उकळत्या पाण्यातून काढून मग बादलीत टाका.

*लाल मुंग्या.* बिछाना कोरडा पडल्याची खूण. थोडं जास्त पाणी शिंपडा आणि वाट्यांतलं पाणी बघा.

*करड्या-तपकिरी जाड अळ्या.* या बहुधा काळ्या सैनिक माशीच्या. त्या गांडुळांना खात नाहीत, पण अन्न फस्त करतात आणि टब तापवतात. वेचून बादलीत टाका, तिथे त्या कचरा कुजवायला मदतच करतात.

*पांढरे दोऱ्यासारखे बारीक किडे.* ही गांडुळांची पिल्लं नव्हेत. पिल्लं पांढुरकी असली तरी त्यांच्या अंगातून लालसर रेघ दिसते. निव्वळ पांढरे किडे वाढले तर टब आंबट आणि फार ओला झाला आहे. टरफलांची पूड आणि सुका बिछाना घाला.

*सगळी गांडुळं एकदम बाहेर.* ऊब, अमोनिया किंवा आंबलेलं अन्न. कारण शोधत बसू नका. आधी त्यांना ओलसर पुठ्ठ्याच्या दुसऱ्या भांड्यात हलवा, मग टब उकरा.

आणि खालच्या ताटातलं पाणी. लोक ते बाटलीत भरून ‘वर्मीवॉश’ म्हणून झाडांना घालतात. वर्मीवॉश चांगल्या मुरलेल्या टबातून ताजं पाणी मुद्दाम झिरपवून करतात. ताटात साचतं तो कचऱ्याचा निचरा, आणि त्यात सडक्या भागातलं काहीही असू शकतं. वास नसेल तर दहापट पाणी घालून फुलझाडांना द्या, खाण्याच्या भाज्यांवर शिंपडू नका. वास येत असेल तर फेका. रोज पाणी साचत असेल तर टब ओला आहे, तो सुधारा.

टप्पा ८: खत काढणं

अडीच-तीन महिन्यांत टबाचा बराचसा भाग काळसर, रवाळ, चहापत्तीसारखा दिसायला लागतो. पाला-पुठ्ठा ओळखू येत नाही. मग असं करा:

१. खायला घालणं १० दिवस बंद करा, पाणी शेवटचे तीन-चार दिवस बंद. ओलं खत चाळणीत अडकतं.

२. सावलीत, पण भरपूर उजेडात, जाड प्लास्टिक पसरा. टब त्यावर पालथा घाला आणि शंकूच्या आकाराचे पाच-सहा ढीग करा.

३. १५-२० मिनिटं थांबा. गांडुळं खाली जातात. वरचं आणि बाजूंचं खत हाताने ओढून घ्या. परत थांबा, परत ओढा. शेवटी तळाशी गांडुळांचा गुंता उरतो. उन्हात बसून हे काम करू नका.

४. काढलेलं खत ३-४ मिमीच्या चाळणीतून अलगद चाळा. वर उरलेली भरड फेकू नका. तिच्यात लिंबाच्या आकाराचे, मोहरीपेक्षा थोडे मोठे पिवळसर-तपकिरी अंडकोष असतात. आयसेनियाच्या एकेका अंडकोषातून तीनेक आठवड्यांत दोन-तीन पिल्लं निघतात. खाली चाळलेल्या खतातही काही अंडकोष जातात, म्हणून ते आठवडाभर पातेल्यात ठेवून मध्ये केळ्याची एक साल पुरा. जन्मलेली पिल्लं तिच्याभोवती जमतात.

५. खत उन्हात वाळवू नका, त्यातले उपयुक्त जिवाणू मरतात. सावलीत, किंचित ओलसर असताना, कापडी पिशवीत ठेवा. हवाबंद डब्यात ते आंबतं.

कुंडीत निव्वळ गांडूळखत भरू नका. ते फार पाणी धरतं आणि मुळांना हवा मिळत नाही. नवी कुंडी भरताना मिश्रणाचा पाचवा भाग पुरे. बारा इंची कुंडीतल्या वाढत्या झाडाला दीड-दोन महिन्यांनी दोन मुठी द्या, वरची माती उकरून मिसळा आणि पालापाचोळ्याने झाका.

दुसऱ्या फेरीला नवा बिछाना लागतो, तो खत काढायच्या आठ-दहा दिवस आधीच कालवून दुसऱ्या घमेल्यात मुरत ठेवा. टब धुवायची गरज नाही. जुन्या भरडीचा एक थर तळाशी, त्यावर मुरलेला नवा बिछाना, मग गांडुळं. या वेळी दहा गांडुळांची चाचणी लागत नाही, पण हात घालून ऊब मात्र पुन्हा तपासा.